हॉलचा टीव्ही, ऑफिसचा कंप्युटर आणि मधली केबल

श्रीकांत काका (सचिव): नमस्कार मंडळी. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता हॉलमध्ये आपल्या इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या मिलांच्या रोषणाईच्या देखाव्यांची, जुनी रेकॉर्डिंग लावायची आहेत. वैशालीवहिनींकडच्या कॅसेट कंप्युटरवर उतरवून झाल्या. आता अडलंय फक्त केबलपाशी. ओंकारने काल आणलेली एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) टीव्हीत बसते, पण ऑफिसच्या कंप्युटरला लागत नाही.

ओंकार, ए-२०१: दुकानात म्हणाले ही ८के वाली, सगळ्यात भारी. १२०० रुपये घेतले. कंप्युटरमध्ये शिरतच नाहीये. मी जोर नाही लावला.

मीनल, डी-१०३: ते फार बरं केलंस. कंप्युटरच्या मागच्या बाजूचा फोटो टाक, सगळी भोकं दिसतील असा.

ओंकार, ए-२०१: 📷 फोटो

ओंकार, ए-२०१: एक निळं आहे, १५ छिद्रांचं. त्याच्या शेजारचं दिसतं एचडीएमआयसारखं, पण एकच कोपरा कापलेला आहे.

सुधीर, सी-१०१: निळं म्हणजे व्हीजीए, चित्र बाहेर द्यायचा जुना पोर्ट. माझ्याकडे एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर पडून आहे, संध्याकाळी आणून देतो. नवीन काही घेऊ नका.

मीनल, डी-१०३: सुधीरदादा, तो इथे चालणार नाही. तुमचा कन्व्हर्टर लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून सिग्नल घेतो आणि जुन्या प्रोजेक्टरच्या व्हीजीएला देतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय, कंप्युटरच्या व्हीजीएतून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये. हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. व्हीजीए १९८७ सालचं, आयबीएमच्या काळातलं. त्यातून चित्र अ‍ॅनालॉग, म्हणजे विजेच्या कमीजास्त होणाऱ्या सिग्नलने जातं आणि आवाज अजिबात जात नाही. म्हणजे उलट दिशेचा घेतला तरी त्याला वेगळी यूएसबी पॉवर लागणार, आवाजाची वायर वेगळी लागणार. झांकीपुढचे ढोल-ताशेच ऐकू आले नाहीत तर आबांना काय दाखवणार आपण?

सुधीर, सी-१०१: अच्छा, दिशेचं माहीत नव्हतं. मग राहू द्या.

मीनल, डी-१०३: ओंकार, कोपरा कापलेलं ते डिस्प्लेपोर्ट, त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. आपलं काम त्यानेच होणार. त्याच्याजवळ डी आणि पी अक्षरांपुढे दोन अधिक चिन्हं आहेत का, नीट बघ. टॉर्च लावून.

ओंकार, ए-२०१: आहेत ताई! बारीक आहेत, पण आहेत.

मीनल, डी-१०३: झालं मग. दोन अधिक चिन्हं म्हणजे तो पोर्ट एचडीएमआयचा सिग्नलही देऊ शकतो. साधा डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर आण, एका टोकाला डिस्प्लेपोर्टची पिन, दुसऱ्या टोकाला एचडीएमआयची खाच. त्या खाचेत तू आणलेलीच केबल लागेल, १२०० वाया जाणार नाहीत. दुकानात सांगताना ‘कंप्युटरमध्ये डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय’ असं पूर्ण बोल. नुसतं ‘डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय’ म्हटलंस तर उलट्या दिशेचा हातात पडू शकतो.

वैशाली काकू, सी-३०४: अगं मीनल, सोबत चांगली सोनेरी पिनची केबलही आणायला सांगू का? कॅसेट आधीच जुन्या आहेत, निदान चित्र तरी स्वच्छ दिसेल.

मीनल, डी-१०३: काकू, चित्र त्याने सुधरणार नाही. हा सिग्नल डिजिटल आहे. केबलमधून तो नीट पोचला तर चित्र जसंच्या तसं येतं, नाही पोचला तर ठिपके चमकतात किंवा पडदा मधेच काळा होतो. महागड्या केबलने रंग गडद होत नाहीत. पिनला सोन्याचा मुलामा असतो तो गंज लागू नये म्हणून. आणि तुमच्या कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात ५७६ आडव्या ओळीच आहेत, हॉलचा टीव्ही १०८० ओळींचा. या टीव्हीला पूर्ण भरून चित्र द्यायला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट इतकी माहिती पोचली तरी पुरते, ओंकारची केबल ४८ ची आहे. गरजेच्या दहापट. स्वच्छ दिसायचं ते कॅसेट उतरवताना, आणि ते तुम्ही फार निगुतीने केलंय.

श्रीकांत काका (सचिव): ऑफिस ते टीव्ही अंतर खूप आहे. १५ मीटरची केबल भिंतीवरून न्यायची का?

मीनल, डी-१०३: नको काका. साधी तांब्याची केबल जितकी लांब, तितका सिग्नल क्षीण होतो. १५ मीटर ओढायची तर सिग्नल वाढवणारी किंवा ऑप्टिकल केबल लागेल, तिला पुन्हा एक टोक कंप्युटरचं आणि एक टीव्हीचं असं ठरलेलं असतं, आणि खर्च वाढतो. त्यापेक्षा कंप्युटरच टीव्हीखाली स्टुलावर आणू. केबल ३ मीटरची आहे, पुरते. टीव्ही आणि कंप्युटर एकाच बोर्डवर लावा, आणि बोर्डचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. आपलं वायरिंग जुनं आहे.

ओंकार, ए-२०१: मी सिल्व्हर मॉलला जातोय, काही आणायचं असेल तर सांगा.

*(शुक्रवार)*

ओंकार, ए-२०१: ताई, अ‍ॅडॉप्टर ३५० ला मिळाला. चित्र आलं! पण आवाज कंप्युटरच्या स्पीकरमधूनच येतोय आणि चारी कडा कापल्या जातायत. झांकीच्या वरचं मिलचं नावच दिसत नाही.

मीनल, डी-१०३: कंप्युटरवर खाली उजवीकडे स्पीकरच्या चिन्हावर जा, आवाज कुठे जावा त्या यादीत टीव्हीचं नाव निवड. कडांचं टीव्हीत बदलायचं. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असेल, ते चालू कर. टीव्ही जुन्या सवयीने कडा ताणून बाहेर काढतो. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ ठेव, म्हणजे दोन्हीकडे एकच दिसेल.

आणि एक माझी विनंती. चित्र ताणून सगळा पडदा भरू नका. जुनी रेकॉर्डिंग ४ला ३ च्या मापाची आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देत. ताणलं की माणसं बुटकी आणि जाड दिसतात. त्या गर्दीत आपलीच माणसं आहेत.

ओंकार, ए-२०१: आलं ताई. नाव दिसतंय. ‘हुकुमचंद मिल’. आवाजही टीव्हीतून.

आबा, बी-००२: ओंकार, हे कोणत्या वर्षाचं रे?

वैशाली काकू, सी-३०४: आबा, कॅसेटवर १९८९ लिहिलंय.

आबा, बी-००२: म्हणजे मिल बंद पडायच्या दोन वर्षं आधीचं. त्या झांकीची वीज आमच्या खात्याने जोडली होती. मी पुढच्या रांगेत बसेन, नजर कमी झालीय.

श्रीकांत काका (सचिव): आबा, पहिली खुर्ची तुमची. ओंकार, केबल आणि अ‍ॅडॉप्टर शनिवारनंतर ऑफिसच्या खणात ठेव, वर चिठ्ठी लाव.

मीनल, डी-१०३: आणि काढताना डिस्प्लेपोर्टच्या पिनेवरचं बारीक बटण दाबून काढ, आत अडकण असते. ओढू नकोस.