साहसी माहितीपट सुचवताना आधी विचारा: कॅमेरा कुठे होता?

कातळवेडा

थरारक माहितीपट सुचवा म्हटलं की ठरलेली दहा नावं पुढे येतात. त्या यादीत जागेवर टिपलेलं चित्रण आणि नंतर नट घेऊन उभे केलेले प्रसंग सरसकट एकत्र असतात. मला हे पटत नाही. साहसपटाला पहिली कसोटी ही लावावी: प्रसंग घडत होता तेव्हा कॅमेरा तिथे होता का, आणि कुणाच्या हातात होता?

या कसोटीवर माझं पहिलं नाव 'मेरू' (2015). गढवालमधल्या मेरू शिखराचा शार्क्स फिन हा कडा. 2008 मध्ये कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटर्क सात दिवसांचा शिधा घेऊन चढले, वादळात अडकले, तोच शिधा पुरवून पुरवून वीस दिवस काढले आणि शिखर शंभरेक मीटरवर असताना मागे फिरले. 2011 मध्ये त्याच तिघांनी ते पूर्ण केलं. चित्रण चिन आणि ओझटर्क यांचं, म्हणजे दोरावर असलेल्या तिघांपैकीच दोघांचं. आता अडचणी बघा. थंडीत लिथियम बॅटरी झपाट्याने बसते, म्हणून ती अंगातल्या कपड्यांत ठेवावी लागते. बाहेरचा गारठलेला कॅमेरा तंबूत आणला की भिंगावर बाष्प धरतं आणि पुन्हा बाहेर नेला की त्याचाच बर्फ होतो. बटण दाबायला जाड हातमोजा काढावा लागतो. त्यात जो दुसऱ्याला बिले देतोय, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळतोय, त्याचे दोन्ही हात दोरावर. म्हणून चढाई जिथे सर्वांत बिकट तिथे चित्रण तुटक, आणि कड्याला टांगलेल्या तंबूत भरपूर. ही तूटच मला त्याच्या खरेपणाचा पुरावा वाटते.

दुसरं नाव 'फ्री सोलो' (2018). अ‍ॅलेक्स हॉनल्ड 3 जून 2017 रोजी अमेरिकेतल्या एल कॅपिटनचा सुमारे 900 मीटरचा कडा दोराशिवाय 3 तास 56 मिनिटांत चढला. कॅमेरेवाले स्वतः कसलेले क्लाइंबर होते आणि आधीच वरून दोर सोडून आपापल्या जागी लटकून बसले होते. 'बोल्डर प्रॉब्लेम' या सर्वांत अवघड टप्प्यावर मात्र माणूस नको म्हणून दुरून चालणारा कॅमेरा लावला. असं काम असलं की सुचवावं.

'टचिंग द व्हॉइड' (2003) उत्तम आहे, पण तिथे नट आहेत. त्याची यादी वेगळी.

तिसरी घंटा

साफ असहमत. कॅमेरा तिथे असण्याने प्रसंग *कळतो* असं नाही, आणि 'टचिंग द व्हॉइड' हेच त्याचं उत्तम उदाहरण आहे.

1985, पेरूमधलं 6,344 मीटरचं सिउला ग्रांदे. उतरताना जो सिम्पसनचा पाय मोडला. सायमन येट्सने दीडशे फुटांचे दोन दोर एकत्र बांधले, बर्फात बसायला खड्डा खणला आणि जोला तीनशे-तीनशे फूट खाली सोडत राहिला. दोन दोरांमधली गाठ बिलेच्या पट्टीतून (दोर अडवून धरणाऱ्या धातूच्या तुकड्यातून) जात नाही, ही त्यातली मेख. अर्धा दोर संपला की जोने धडक्या पायावर उभं राहून दोरावरचं वजन काढायचं, तेवढ्यात सायमनने गाठ पट्टीच्या पलीकडे घ्यायची. असं अनेकदा जमलं. मग अंधारात, वादळात जो एका लटकत्या कड्यावरून खाली गेला. पाय टेकायला काही नाही, म्हणजे वजन निघणार नाही, म्हणजे गाठ पलीकडे जाणार नाही. जोने दोरीच्या फासांवर वर चढायचा प्रयत्न केला, पण बधिर बोटांतून एक फास निसटला. वर सायमनचं आसन भुसभुशीत होऊन ढासळायला लागलं. तेव्हा चाकू.

कॅमेरा त्या रात्री तिथे असता तर काय दिसलं असतं? काळोख, वारा आणि कपाळावरच्या दिव्याचा एक ठिपका. दोर का कापावा लागला हे समजायला ती गाठ दिसायलाच हवी, आणि ती नटांमुळे दिसते. शिवाय बोलतात ते खुद्द जो आणि सायमन, कॅमेऱ्यात थेट बघत.

'मॅन ऑन वायर' (2008) घ्या. 7 ऑगस्ट 1974 रोजी फिलीप पती न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधल्या तारेवरून चालला. धनुष्यबाणाने मासेमारीचा दोरा पलीकडे टाकला, त्याला बांधून जाड दोर, त्याला बांधून पोलादी तार. ती तार मधेच सुटून खाली लोंबकळली आणि ती पुन्हा ओढून घेण्यात बरीचशी रात्र गेली. प्रत्यक्ष चालण्याची फक्त स्थिरचित्रं आहेत. तुमच्या कसोटीने हा बाद. मग अशी कसोटी ठेवायची कशाला?

सागरगोटा

मी आणखी एक पाऊल पुढे जातो. स्वतः टिपलेलं चित्रण खोटं बोलू शकतं, आणि तेही नटांपेक्षा सफाईने.

'डीप वॉटर' (2006) बघा. 1968 ची एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणेची शिडांची शर्यत. डोनाल्ड क्रोहर्स्ट मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला निघाला, तीन सांगाड्यांची अर्धवट तयार नाव घेऊन. नावेत बीबीसीने दिलेला 16 मिमी कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर होता. दक्षिण महासागरात आपली नाव टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळला आणि पुढे गेल्याच्या खोट्या जागा रेडिओवरून कळवू लागला. मग काही महिने रेडिओ बंद. कॅमेऱ्यासमोर मात्र हसतमुख दर्यावर्दी.

खोटी नोंदवही लिहिणं खऱ्या दिशाशोधनापेक्षा कठीण असतं. जिथे आपण नाही तिथला सूर्य त्या दिवशी, त्या वेळी किती अंशांवर असेल हे उलटं गणित करून लिहावं लागतं, आणि पुढची प्रत्येक नोंद आधीच्या खोट्याशी जुळवावी लागते. क्रोहर्स्ट आपल्या मागे आहे असं समजून नायजेल टेटलीने आपली खिळखिळी नाव आणखी ताणली आणि मे 1969 मध्ये ती बुडाली. क्रोहर्स्टची नाव 10 जुलैला रिकामी सापडली.

कॅमेरा तिथे होता. ज्याचं साहस त्याच्याच हातात होता. तुमच्या दोन्ही अटी पूर्ण.

कातळवेडा

क्रोहर्स्टचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. कसोटी एकटी पुरत नाही. पण सोडूनही चालत नाही, कारण सोडली की काय होतं तेही बघा. 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' (1922) मध्ये इग्लूच्या आत कॅमेरा आणि उजेड मावेना म्हणून एक बाजू उघडी ठेवून अर्धाच इग्लू बांधला. बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाल्याने शिकार करायला लावलं. 'व्हाइट विल्डरनेस' (1958) मध्ये तर लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी विकत आणून कड्यावरून ढकलले आणि ते सामूहिक आत्महत्या करतात असं दाखवलं. त्याला ऑस्कर मिळालं आणि ती थाप अजून लोकांच्या डोक्यात आहे. हे दोन्ही 'कळण्यासाठी'च केलं होतं ना?

म्हणून निदान ओळखता यावं. माणूस एकटा आहे म्हणतात आणि त्याचा चेहरा समोरून, वरून दिसतोय: म्हणजे वर कुणीतरी आधी पोचलंय. ताज्या बर्फात पहिली चाल दाखवताहेत आणि चौकटीच्या कडेला पावलं उमटलेली आहेत. दृश्य दूरवरच्या भिंगातून घेतलंय, पण श्वास मात्र कानाशी ऐकू येतोय: आवाज नंतर बसवला, किंवा अंगावर माइक होता. एकाच चढाईत सावली डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे: चित्रण दोन दिवसांचं. आणि रुंद कोनाच्या छोट्या कॅमेऱ्यात उतार नेहमी खऱ्यापेक्षा सौम्य दिसतो, त्यामुळे दृश्य सपक वाटलं म्हणून जागा सोपी समजू नका.

'टचिंग द व्हॉइड' लपवाछपवी करत नाही, हे मी नाकारलेलं नाही.

संकलनमेज

सावली आणि पावलं ठीक. पण खरी कारागिरी संकलनाच्या टेबलावर होते आणि ती अशी दिसत नाही.

'फायर ऑफ लव्ह' (2022) मधली मोरीस आणि कातिया क्राफ्त या ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याची ज्वालामुखीची 16 मिमी फिल्म अस्सल आहे. दोघंही 3 जून 1991 रोजी जपानच्या उन्झेनवर तप्त राख-वायूच्या लोटात मृत्युमुखी पडले. पण ती फिल्म मूक होती. लाव्ह्याची खदखद, दगडांचा खडखडाट सगळं नंतर घातलेलं. चित्र अस्सल, आवाज बनवलेला. याला कोणत्या यादीत टाकणार?

'द रेस्क्यू' (2021) याच्या उलट. 2018 ची थाम लुआंग गुहा, 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक. पाणी इतकं गढूळ की पाणबुडे हाताने दोर चाचपत गेले. मुलांना केटामाइनने बेशुद्ध करून, हात मागे बांधून, पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा लावून आणलं आणि वाटेत गुंगी उतरायला लागली की पाणबुड्यांनीच पुन्हा इंजेक्शन दिलं. हे पाण्याखाली अस्सल टिपलं असतं तर पडद्यावर चहाच्या रंगाचं पाणी दिसलं असतं, बस. म्हणून तेच पाणबुडे टाकीत उतरवून प्रसंग पुन्हा केले. नट नाहीत, पण प्रसंगही तो नव्हे. मला हे चालतं.

न चालणारी गोष्ट 'द डीपेस्ट ब्रेथ' (2023) मध्ये आहे. एका श्वासात खोल जाणाऱ्या पाणबुड्यांचा हा पट. बरीचशी दृश्यं अस्सल आहेत, थक्क करणारी आहेत. पण मुलाखती अशा कापल्या आहेत की कोण वाचलं हे शेवटपर्यंत कळू नये. एका खऱ्या मृत्यूचं कोडं केलंय. चित्रण कितीही अस्सल असलं, तरी मला तो या धाग्यातला सर्वांत अप्रामाणिक पट वाटतो.

बिले-पट्टी

सगळे कॅमेरा कुणाच्या हातात यावर भांडताय. तो वर कुणी *वाहून* नेला?

1996 ची आयमॅक्स मोहीम ('एव्हरेस्ट', 1998) घ्या. 500 फुटांचं एक रीळ जेमतेम 90 सेकंद चालतं. शिखरावर उघड्या हातांनी रीळ भरलं आणि तेवढीच दीड मिनिटं मिळाली. तो बोजा शेर्पांनी वर नेला होता. 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट' (1975) मध्ये युइचिरो मिउरा पाठीला पॅराशूट बांधून साउथ कोलवरून घसरत येतो, त्यालाही ऑस्कर. त्या 1970 च्या मोहिमेत खुंबू हिमप्रपातात सहा शेर्पा गेले. लक्षात काय राहतं? पॅराशूट.

म्हणून माझी शिफारस 'शेर्पा' (2015). फुर्बा ताशीच्या विक्रमी बाविसाव्या चढाईभोवती पट ठरला होता. 18 एप्रिल 2014 ला हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून 16 जण मेले आणि पट कामगारांच्या संपाचा झाला. त्या पट्ट्यातून पैसे भरून आलेले ग्राहक मोजक्याच वेळा जातात, शेर्पा सामान घेऊन कैकदा. धोका वाटला कसा जातो ते इथे दिसतं.

'14 पीक्स' (2021) बघाच, पण डोळे उघडे ठेवून. निर्मल पुर्जाने 2019 मध्ये आठ हजार मीटरवरची 14 शिखरं 189 दिवसांत केली. बाटलीतला ऑक्सिजन आणि तळछावण्यांमध्ये हेलिकॉप्टर वापरून. आधीचा विक्रम सात वर्षांहून जास्त काळाचा आणि ऑक्सिजनशिवायचा होता. दोन्ही थोर आहेत, पण एका तराजूत तोलू नयेत.

शंकेखोर

मूळ प्रश्न कुणी घेतलाच नाही: कॅमेऱ्यामुळे माणूस जास्त धोका पत्करतो का? तसं असेल तर 'अस्सल' चित्रण सुचवणंच चुकीचं.

कातळवेडा

'फ्री सोलो' मध्येच याला एक उत्तर आहे. 2016 च्या शरदात हॉनल्ड सुरुवातीच्या गुळगुळीत कातळावरून परत फिरला, सगळे कॅमेरे चालू असताना. दुसरं उत्तर 'दि अल्पिनिस्ट' (2021). मार्क-आंद्रे लेक्लेर चित्रपटवाल्यांना न सांगता निघून जायचा. कुणी सोबत असेल तर ती एकट्याची चढाई राहत नाही, असं त्याचं म्हणणं. पॅटागोनियातल्या टोरे एगर शिखरावर त्याने स्वतःच एक छोटा कॅमेरा नेला. 2018 मध्ये तो अलास्कात मरण पावला, तेव्हाही चित्रपटवाले बरोबर नव्हते.

शंकेखोर

दोन माणसांवरून नियम निघत नाही. जे कॅमेऱ्यामुळे पुढे रेटले गेले त्यांचे पट तुमच्यापर्यंत पोचले असतील का?

तिसरी घंटा

बरोबर. आणि कातळवेडा, एक गुगली. 'फिट्झकराल्डो' (1982) हा कथापट. त्यासाठी दिग्दर्शक हर्झोगने तीनशे टनांहून जड खरी बोट पेरूच्या जंगलात टेकडीवरून ओढून नेली. प्रकल्पावरचा अभियंता माणसं मरतील म्हणून काम सोडून गेला. हे सगळं 'बर्डन ऑफ ड्रीम्स' (1982) या माहितीपटात आहे. कॅमेरा तिथे होता, बोट खरी, धोका खरा. तुमच्या कसोटीने हा कथापट पास आणि 'मॅन ऑन वायर' नापास.

कातळवेडा

पास करतो. आधी कथापट, मग लगेच माहितीपट, या क्रमाने बघावा. उलटं केलं तर बोट टेकडीवर जाताना तुम्ही कप्प्या आणि दोरखंडच शोधत बसाल.

नवखा

एवढं वाचून गोंधळ वाढला. क्लाइंबिंगमधलं ओ की ठो कळत नाही. कुठून सुरू करू?

संकलनमेज

'द डॉन वॉल' (2017). डिसेंबर 2014 च्या अखेरीपासून जानेवारी 2015 पर्यंत टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्जसन 19 दिवस एल कॅपिटनवरच राहिले. कॉल्डवेलच्या डाव्या तर्जनीचा पुढचा भाग करवतीत गेलेला. जॉर्जसन पंधराव्या टप्प्यावर दिवसेंदिवस अडकून पडतो. 'फ्री' चढाई म्हणजे दोर फक्त पडलो तर, चढायला नाही, हे त्यात आपोआप कळतं. ते कळल्यावर 'फ्री सोलो'. उलट्या क्रमाने बघितलंत तर हॉनल्डने नक्की काय सोडून दिलं तेच लक्षात येणार नाही.

तिसरी घंटा

क्लाइंबिंग कळत नसेल तर 'मॅन ऑन वायर'. तार आणि माणूस, आधी काही शिकावं लागत नाही.

बिले-पट्टी

लहान मुलं बरोबर असतील तर 'द रेस्क्यू'. शेवट माहीत असूनही श्वास अडकतो. 'शेर्पा' थोडी मोठी झाली की.

सागरगोटा

'डीप वॉटर' एकट्याने बघा. आणि त्या रात्री नंतर दुसरं काही लावू नका.