1600 डस्ट खर्च करण्याआधी

हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या गेममध्ये नव्या सेटमधला (कार्डांच्या नव्या संचातला) लेजेंडरी, म्हणजे सर्वात दुर्मीळ दर्जाचं कार्ड, पहिल्याच दिवशी क्राफ्ट करावा का, म्हणजे डस्ट (गेममधलं कार्ड बनवायचं चलन) देऊन बनवावा का, असा प्रश्न पडतो. माझं मत: थांबा. आधी त्याच सेटचे 10 पॅक (कार्डांची बंद पाकिटं) फोडा. पहिल्या 10 मध्ये एक लेजेंडरी नक्की मिळतो, तोच निघाला तर 1600 डस्ट वाचली. सेटमधले सगळे लेजेंडरी हाती येईपर्यंत पॅकमधून डुप्लिकेट येत नाही. पण हवा तोच यावा म्हणून नको असलेला मोडू नका (कार्ड नष्ट करून डस्ट घेऊ नका), मोडलेलाही 'मिळालेला' धरला जातो आणि हाती 400 डस्टच येते. गोल्डन (त्याच कार्डाची सोनेरी आवृत्ती) लेजेंडरी मात्र मोडला की पूर्ण 1600 मिळतात, म्हणजे त्यातून दुसरा साधा लेजेंडरी अगदी चोख बनतो!

कार्ड किती चांगलं हे डेकच्या (खेळायला निवडलेल्या कार्डांच्या संचाच्या) विनरेटवरून, म्हणजे जिंकण्याच्या टक्केवारीवरून, ठरवू नका, सगळे इथेच फसतात. चांगल्या डेकमध्ये सुमार कार्डही खपून जातं. ते कार्ड हातात आलेल्या सामन्यांचा विनरेट बघा. डेकच्या सरासरीपेक्षा कमी असेल तर क्राफ्ट करू नका. लवकरच स्टँडर्डमधून (फक्त अलीकडच्या सेटची कार्डं चालणाऱ्या खेळप्रकारातून) बाहेर जाणाऱ्या सेटवर तर डस्ट मुळीच खर्च नको.

आधीच क्राफ्ट केलेल्या कार्डाचा नर्फ झाला (गेम बनवणाऱ्यांनी ते कमकुवत केलं) तर घाबरू नका, ठराविक मुदतीत मोडल्यास पूर्ण डस्ट परत मिळते.