विनरार अपडेट केलंय का?

ट्रायलचे चाळीस दिवस उलटले तरी विनरार (आरएआर, झिप अशा दाबून बांधलेल्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) फुकट चालतं म्हणून बेस्ट, असं बरेच जण म्हणतात, खरंय, मीपण वर्षानुवर्षं ती ‘विकत घ्या’ म्हणणारी खिडकी बंद करत आलोय, पण ते आपणहून अपडेट होत नाही हीच खरी गोची आहे. २०१९ मध्ये त्यात १९ वर्षं जुनं सुरक्षेचं भोक बाहेर आलं, एसीई (असाच एक जुना फॉरमॅट) फाइल उघडणाऱ्या डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला जोडलेल्या कोडच्या फाइलमध्ये. मुद्दाम तशी बनवलेली फाइल एक्स्ट्रॅक्ट केली की मालवेअर गुपचूप स्टार्टअप फोल्डरमध्ये (लॉगिन केलं की यातलं आपोआप चालतं) जाऊन बसणार, आणि एसीईचं नाव बदलून आरएआर केलं तरी चालायचं कारण विनरार एक्स्टेंशन नाही, आतला माल बघून फॉरमॅट ओळखतं! त्या डीएलएलचा सोर्स कोडच विनरारवाल्यांकडे नव्हता, मग काय, व्हर्जन ५.७० मध्ये एसीई सपोर्टच उडवला. २०२५ मध्ये परत तोच स्टार्टअपचा प्रकार, ७.१३ मध्ये बुजवला. त्यामुळे हेल्पमध्ये जाऊन व्हर्जन बघा आधी, जुनं असेल तर नवीन वरूनच इन्स्टॉल करा.