हायकू ओएस सोलापुरात लोकांपुढे आणायची आहे, सुरुवात कशी करावी?

धागादोरा_सोलापूर:
नमस्कार मंडळी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी पेठेतली दुकानं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, सगळीकडे विंडोज ११ न पेलणारे पीसी पडून राहणार. हायकू ही विंडोजऐवजी वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टम अशा पीसीवरही चपळ चालते, एमआयटी या मुक्त परवान्याखाली मोफत आहे, पण नाव कुणी ऐकलेलं नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी होम मैदानावर स्टॉल लावावा की एखाद्या कॉलेजात प्रात्यक्षिक ठेवावं? दाखवावं काय, आणि फजिती कुठे होते?

बूटलोडर:
कॉलेजच घ्या. गड्ड्याला माणूस पाळण्यात बसायला येतो, लॅपटॉप घेऊन येत नाही. हायकू पटते ती स्वतःच्या पीसीवर चालताना पाहून.

हायकू पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवायची, म्हणून ८ जीबीचे निदान सहा पेनड्राइव्ह तयार ठेवा: चार ६४-बिटचे, दोन ३२-बिटचे. हायकूच्या बीटा ५ आवृत्तीला किमान ३८४ एमबी रॅम लागते. २ जीबी असेल तर वापरायला मजा येते. डाउनलोड झिप असते. ती आधी उघडा, चेकसम (फाइल नीट उतरली का ते तपासायचा आकडा) जुळवा, मग आतली आयएसओ फाइल एचर या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. एचरऐवजी रुफस वापरलं तर त्यात डीडी मोड निवडा, नाहीतर ड्राइव्ह बूटच होत नाही, म्हणजे पीसी त्यावरून सुरूच होत नाही. लिहून झालेला ड्राइव्ह विंडोजला लावला की ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं जातं, कारण बीएफएस ही फाइलसिस्टम विंडोजला वाचता येत नाही. तिथे ‘हो’ म्हटलं की ड्राइव्ह पुसला गेला. ही चूक हमखास होते, म्हणून ड्राइव्हवर चिठ्ठीच चिकटवा.

सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टम सुरू होऊ न देणारी पीसीची सेटिंग) बंद करावा लागतो. पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असलेल्या लॅपटॉपवर तो बंद केला की विंडोज रिकव्हरी की मागू शकते. की हाताशी नसेल तर त्या लॅपटॉपला हात लावू नका. एका पोराचा लॅपटॉप अडकला तर पुढच्या कार्यक्रमाला कोणी फिरकणार नाही.

बूट होताना पडद्यावर चिन्हं एकेक करून उजळतात. मध्येच थांबलं तर कुठल्या चिन्हावर थांबलं त्याचा फोटो काढा आणि यूएसबी २ चं पोर्ट वापरून बघा. पडदा काळा पडला तर बूटच्या वेळी शिफ्ट दाबून धरा (यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत असेल तर स्पेस दाबत राहा) आणि फेल-सेफ व्हिडिओ मोड निवडा. वायफाय सापडलं नाही तर फोनचं यूएसबी टेदरिंग लावा, म्हणजे केबलने फोनचं इंटरनेट पीसीला द्या.

रकाना_शोध:
नुसता डेस्कटॉप दाखवून ‘किती वेगवान’ म्हणू नका. वेग लिनक्सवाल्यांनीही दाखवलेला असतो. हायकूचं खरं वेगळेपण बीएफएसमध्ये आहे, आणि ते बीओएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमकडून आलंय: फाइलला रकाने जोडता येतात आणि त्या रकान्यांवर शोध घेता येतो.

सोलापूरला पटेल असं उदाहरण घ्या. पीपल या पत्ते-फोन ठेवायच्या ॲपमध्ये सूत व्यापाऱ्यांच्या वीस फाइली करा, गाव आणि फोन भरा. ट्रॅकरमध्ये (हायकूचा फाइल मॅनेजर) गावावर क्वेरी, म्हणजे शोध लावा आणि ती खिडकी उघडी ठेवून एकविसावी फाइल करा. नवं नाव त्या खिडकीत आपोआप येतं. वेगळा डेटाबेस नाही, काही नाही. लोक इथेच पुढे सरकून बघतात.

एक खाच आहे. ज्या रकान्याचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) नाही त्यावर क्वेरी चालत नाही. टर्मिनलमधल्या एमकेइंडेक्स कमांडने आधी इंडेक्स करा, मग फाइली. उलट क्रम झाला तर आधीच्या फाइली शोधात येत नाहीत. त्यांच्यावर रीइंडेक्स कमांड चालवावी लागते.

धागादोरा_सोलापूर:
हे फार कामाचं. पण पहिला प्रश्न टॅलीचा येणार आणि दुसरा मराठीचा. काय सांगावं?

बूटलोडर:
टॅलीला सरळ ‘नाही’ म्हणा. ६४-बिटवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) आहे, पण त्याच्या भरवशावर कुणाचे हिशेब टाकू नका.

मराठीबद्दलही आधीच सांगा. ट्रॅकरसारख्या हायकूच्या मूळ ॲपमध्ये देवनागरी जुळत नाही: जोडाक्षरं सुटी पडतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. म्हणून वरच्या उदाहरणातली नावं रोमनमध्येच भरा. लिबरऑफिस क्यूटी या वेगळ्या सॉफ्टवेअर-संचावर चालतं, तिथे परिस्थिती बरी असते. तरी आदल्या दिवशी ‘क्षत्रिय’ आणि ‘किल्ला’ लिहून बघा.

हायकूत एकच वापरकर्ता असतो, वेगळी खाती नाहीत. त्यामुळे बिलिंग काउंटरवर बसवायला सुचवू नका. आणि पहिल्या दिवशी कुणाच्याही हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करू नका. ज्याला आवडेल त्याला दुसऱ्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलरने टाकून द्या: ड्राइव्हसेटअपमध्ये विभाग करा, बीएफएसने फॉरमॅट करा, मग कॉपी. यूईएफआयवाल्या पीसीसाठी ईएसपी या बूटच्या विभागात ईएफआय/बूट फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४.ईएफआय आहे का ते बघा. नसेल तर घरी गेल्यावर तो ड्राइव्ह बूट होणार नाही.

रकाना_शोध:
जाताना हातात एक पान द्या, मराठीत. बूट मेनूची कळ (डेलला एफ१२, एचपीला एफ९, लेनोवोला बहुतेक एफ१२), सेफ मोडची कळ, टेदरिंगच्या दोन ओळी. खाली रिकामी जागा ठेवा: मॉडेल, वायफाय चाललं का, आवाज आला का. ती पानं परत गोळा केली की सोलापुरातल्या पीसींची यादी तयार होते आणि पुढच्या वेळी कुठला लॅपटॉप पुढे ठेवायचा ते आधीच कळतं.