मदत हवी आहे: पित्तनलिकेचा कॅन्सर, दुसऱ्या गाठीचीही बायोप्सी करावी का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मामांना (वय ६२) यकृतातल्या पित्तनलिकांचा कॅन्सर, इंट्राहेपॅटिक कोलँजिओकार्सिनोमा, निघालाय. मोठी गाठ उजवीकडे, डावीकडे दोन छोट्या, म्हणून ऑपरेशन नाही. जेमसिटाबिन, सिस्प्लॅटिन ही केमो आणि ड्युर्व्हॅलुमॅब ही इम्युनोथेरपी चालू आहे. पहिल्या सीटीत गाठी थोड्या आक्रसल्यात.

बायोप्सीच्या उरलेल्या ब्लॉकवर (मेणात जपलेला तुकडा) एनजीएस, म्हणजे एकदम अनेक जनुकं वाचणारी तपासणी, केलं, त्यात एफजीएफआर२ फ्युजन (हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं) सापडलं. डॉक्टर म्हणाले, केमो लागू पडतेय तोवर टार्गेटेड गोळी (नेमकी या फ्युजनवरची) राखून ठेवू. हे पटलं. पण बोलता बोलता ते असंही म्हणाले की हा कॅन्सर एकाच माणसात, एकाच गाठीतसुद्धा सगळीकडे सारखा नसतो. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मामेभावाचा (आयटीत आहे, रात्र रात्र पेपर वाचतो) आग्रह की डावीकडच्या गाठीचीही बायोप्सी करा. मामी म्हणते, आता सुया पुरे.

तांदळाच्या दाण्याएवढ्या तुकड्यावर एवढी महागडी गोळी ठरवायची का? दुसऱ्या गाठीत फ्युजन नसलंच तर? लिक्विड बायोप्सीने (रक्तात उतरलेला गाठीचा डीएनए तपासून) भागेल का? पुढची भेट सोमवारी आहे.

रानवारा: आमच्या आत्यांना आयव्होसिडेनिब दिलं होतं, बरेच महिने गाठ वाढली नाही. त्याचंही विचारा.

जुना_पॅथॉलॉजिस्ट: रानवारा, ते औषध आयडीएच१ या जनुकात म्युटेशन (बदल) असलेल्यांसाठी. आयडीएच१ आणि हे फ्युजन एकाच रुग्णात क्वचितच सापडतात. यकृताबाहेरच्या नलिकेच्या कॅन्सरची तर जातच वेगळी, तिथे केआरएएस, हर२ या जनुकांतले बदल जास्त. त्यामुळे नाव एक असलं तरी एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही.

धागाकर्ते, हे फ्युजन साधारणपणे कॅन्सरच्या अगदी सुरुवातीला घडतं, म्हणून पुढे फुटलेल्या गाठींतही बहुधा असतंच. गाठींगाठींत फरक पडतो तो नंतर जमा होणाऱ्या बदलांमुळे. केवळ फ्युजनची खात्री करायला आत्ता दुसरी सुई? मी मामींच्या बाजूचा. एखादी गाठ केमोला दाद न देता एकटीच वाढू लागली, तर तिच्यातून तुकडा घेण्याला अर्थ आहे.

खरी गुंतागुंत गोळी सुरू झाल्यावर. इन्फिग्रॅटिनिब (याच फ्युजनवरची एक गोळी) घेणाऱ्या रुग्णांवरचं २०१७ चं काम भाचेबुवांना, म्हणजे तुमच्या मामेभावाला, वाचायला द्या. रोग उलटला तेव्हा एकाच रुग्णाच्या रक्तात एफजीएफआर२ची निरनिराळी प्रतिकारक (गोळी निकामी करणारी) म्युटेशन्स एकदम दिसली. एका गाठीतून तुकडा घेतला असता तर त्यातली बरीच हुकली असती. लिक्विड बायोप्सीचे पैसे त्या वेळेसाठी ठेवा. यातल्या काही म्युटेशन्सपुढे पेमिगॅटिनिब ही अशीच गोळी हरते, पण एफजीएफआर२ला कायमची चिकटणारी फ्युटिबॅटिनिब चालू शकते. आत्ता रक्तात फ्युजन दिसलं नाही तरी घाबरू नका, रक्तात ते पुष्कळदा निसटतं. तुकड्यातला रिपोर्ट खरा धरायचा.

धागाकर्ता: आभारी आहे. मामेभाऊ 'भाचेबुवा' वाचून हसला, पेपर मात्र शोधतोय. सोमवारी आणखी काय विचारू?

जुना_पॅथॉलॉजिस्ट: ब्लॉकमध्ये ऊतक किती उरलंय आणि तो कुणाकडे आहे, हे आधी. फ्युजन आरएनएवर तपासलं की फक्त डीएनएवर, तेही. गोळी सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो आणि गोळीने रक्तातलं फॉस्फेट वाढतं, म्हणून मामांना मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आजच फाइलवर लिहून ठेवा.