हताहत, ठार, बळी, बेपत्ता : यादवीतल्या आकड्यांना चिकटलेले शब्द

लोकहो, एक शंका आहे. यादवीच्या बातम्यांमध्ये 'अमुक इतके हताहत' असं येतं तेव्हा त्यात फक्त मेलेले धरायचे की जखमीसुद्धा? माझ्या ओळखीतले बहुतेक सगळे मेलेलेच धरतात. पण अफगाणिस्तानबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २०२१ च्या पहिल्या सहामाहीचा अहवाल बघा, त्यात सामान्य नागरिकांचा कॅज्युअल्टीचा आकडा आहे ५,१८३, आणि खाली फोड दिलीये की मेलेले १,६५९ आणि जखमी ३,५२४. आता कुणी मराठीत 'पाच हजारांवर जीवितहानी' असं ठोकून दिलं तर मेलेल्यांचा आकडा एका फटक्यात तिप्पट झाला ना! मग कॅज्युअल्टीला नेमकं काय म्हणायचं? आणि ठार, बळी, मृत, मृत्युमुखी हे सगळे शब्द आपण बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरतो, त्यांच्यात काही फरक आहे की नाही?

*

हताहत म्हणजे हत + आहत, मारले गेलेले आणि घायाळ झालेले, दोन्ही. म्हणजे शब्द मुळात बरोबर आहे, कॅज्युअल्टीला अगदी फिट्ट बसतो, पण वाचणाऱ्याला त्यातला फक्त 'हत' ऐकू येतो त्याला काय करणार. मी तर सरळ 'मृत व जखमी मिळून' असं लिहितो, दोन शब्द जास्त गेले तर गेले. जीवितहानी मात्र नकोच, जीव गेला तरच ती जीवितहानी.

ठार आणि बळी मात्र वेगळे आहेत हां. गोळीने, बॉम्बने, सुऱ्याने माणूस ठार होतो. उपासमारीने ठार झाला असं कुणी म्हणतं का? कॉलऱ्याने ठार? नाही म्हणत. पण उपासमारीचा बळी, कॉलऱ्याचा बळी हे चालतं. म्हणजे मराठीला हा फरक आधीपासून माहितीये, आपणच वापरताना घोळ घालतो. थेट हिंसेत गेलेल्यांचा आकडा असेल तर ठार, आणि वेढ्यात अडकून औषध न मिळाल्याने गेलेले वगैरे धरले असतील तर बळी, इतकं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

*

>> हत + आहत

सहमत. त्यात एवढीच भर की खात्मा केला, कंठस्नान घातलं, धारातीर्थी पडले, हे शब्द मोजणीच्या कामाचे नाहीत. तिथे लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे ते कळतं, माणूस कोण होता ते कळत नाही.

विषय निघालाय तर, सगळीकडे 'नागरी युद्ध' का लिहितात हो? नागरी म्हणजे शहरातलं. गृहयुद्ध हिंदीतून आलंय, ते एक वेळ ठीक. पण आपल्याकडे यादवी हा इतका चांगला शब्द आहे, प्रभासतीर्थावर यादव आपापसात लव्हाळ्यांची मुसळं घेऊन लढले आणि कुळच संपलं, त्यावरून आलेला. अजून काय पाहिजे?

*

यादवी शब्द मलाही आवडतो, पण एक अडचण आहे. यादवी आपण पक्षातल्या भांडणालाही म्हणतो. इथे विषय मोजणीचा आहे आणि मोजणाऱ्यांच्या लेखी 'युद्ध' हे नावच मुळात आकड्यावरून ठरतं. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा जगभरातले संघर्ष मोजणारा जो डेटा प्रोग्रॅम आहे त्यांच्याकडे कॅलेंडर वर्षात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष, आणि १,००० झाले तर युद्ध. म्हणजे नाव द्यायचं तर आधी मोजायला हवं, आणि जिथलं सरकार 'इथे युद्धबिद्ध काही नाही, चार गुंड आहेत' म्हणतंय तिथे मोजायला आत कोण सोडणार?

माझा अशा मोजणीच्या तक्त्यांशी रोजचा संबंध येतो म्हणून अजून एका शब्दाबद्दल लिहितो ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे 'घटना'. बातमीत येतं की वर्षभरात हिंसाचाराच्या इतक्या हजार घटना. पण एक घटना म्हणजे किती? उप्सालाच्या घटनांच्या यादीत जागा पाहिजे, तारीख पाहिजे आणि किमान एक माणूस थेट त्या हिंसेत मेलेला पाहिजे, नाहीतर नोंदच नाही. ॲक्लेड नावाची दुसरी संस्था आहे, तिच्याकडे कुणी मेलं नाही तरी घटना नोंदली जाते, निदर्शनं, दंगल, बॉम्ब फुटला पण जखमी कुणी नाही, सगळं. शिवाय त्यांचा हिशोब दिवसावर आणि जागेवर चालतो. एकाच गावात तीन दिवस सलग लढाई चालली तर आपण म्हणू एक लढाई, त्यांच्या तक्त्यात त्या तीन घटना. त्यामुळे एका संस्थेचा 'घटनां'चा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून हिंसाचार वाढला की कमी झाला असं बोलणं म्हणजे निव्वळ फेकाफेकी.

अजून गंमत सांगतो. वार्ताहर लिहितो 'अनेक ठार'. तक्त्यात तर 'अनेक' लिहिता येत नाही, रकान्यात आकडाच लागतो. तर ॲक्लेडचा नियम असा की आकडा कळतच नसेल तर मोठ्या लढाईच्या भागात १० धरायचे आणि तुलनेने शांत भागात ३. डझनावारी म्हटलं असेल तर १२, शेकडो म्हटलं तर १००.

*

म्हणजे 'अनेक'ची किंमत तीन?? कठीण आहे.

*

>> 'अनेक'ची किंमत तीन

कठीण काय त्यात. कमीत कमी धरायचं हे तत्त्व आहे, दोन बातम्यांत वेगळे आकडे असतील तरी सहसा लहान आकडा घेतात. उप्सालावाले तर प्रत्येक घटनेला तीन आकडे ठेवतात, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि त्यातल्या त्यात पटणारा. अडचण तक्त्याची नाहीये, तक्त्यातून बातमीत येताना 'किमान' हा शब्द गळून पडतो ती आहे.

*

'चकमकीत ठार' याच्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. कोलंबियात २००२ ते २००८ या काळात लष्कराने साध्यासुध्या लोकांना मारून त्यांना बंडखोर म्हणून दाखवलं, कारण किती गनीम मारले यावर बक्षीस आणि बढती होती. तिथल्या शांतता करारातून आलेल्या विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये याचा आकडा सांगितला, किमान ६,४०२. आता विचार करा की ही माणसं आधी कुठल्या रकान्यात होती? 'लढताना मेलेले बंडखोर' या रकान्यात! एकूण मृतांची बेरीज तीच राहिली तरी आतला अर्थ सगळा उलटा. तिकडे याला 'फाल्सोस पोझितिवोस' म्हणतात, खोटे पॉझिटिव्ह, जणू लॅबचा रिपोर्ट चुकलाय. आपला 'बनावट चकमक' त्यापेक्षा शंभरपट बरा, निदान कुणीतरी बनवली हे तरी त्यात येतं.

*

>> निदान कुणीतरी बनवली हे तरी त्यात येतं

अगदी हाच मुद्दा 'बेपत्ता'ला लावा. मराठीत माणूस बेपत्ता 'होतो'. पत्ता न सांगता स्वतःच निघून गेल्यासारखा. नेपाळमध्ये माओवादी युद्ध संपल्यावर, म्हणजे १९९६ ते २००६ चं, २०१५ मध्ये जो आयोग नेमला त्याच्या नावातच 'बेपत्ता पारिएका व्यक्ति' असं आहे, बेपत्ता केले गेलेले. शब्द आपलाच, फक्त क्रियापद बदललं आणि लगेच प्रश्न उभा राहिला की कुणी केलं. त्या युद्धात किमान १३,००० मेले आणि १,३०० बेपत्ता असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या अहवालात आहे. आपण मराठीत लिहिताना 'बेपत्ता केलेले' असं लिहायला काय हरकत आहे, कानाला थोडं खटकतं पण खटकू दे की.

आणि मोजणीचाच विषय आहे तर स्त्रीपर्व काढून बघा. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो किती मेले. तो सांगतो १ अब्ज ६६ कोटी २० हजार, आणि वर 'अलक्षित' वीर २४,१६५. आता अठरा अक्षौहिणी सैन्यात माणसं भरतात साधारण ३९ लाख, म्हणजे लढायला आले त्याच्या कितीतरी पट मेले, ते सोडून द्या. मला गंमत वाटते ती दुसऱ्या आकड्याची. मेलेले हजारांच्या गोळाबेरजेत आणि न दिसलेले शेवटच्या पाचापर्यंत मोजलेले! अलक्षितचा अर्थ कुणी हरवलेले असा करतं, कुणी वाचून निसटलेले. म्हणजे हा रकाना तेव्हापासून असाच लोंबकळतोय.

*

हे फारच भारी. पण ३९ लाखांतून १६६ कोटी, ॲक्लेडवाले चक्कर येऊन पडतील.

*

मला 'नोंदलेले' आणि 'अंदाजे' या दोन शब्दांवर बोलायचंय, जरा लांबेल.

सीरियाचं उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१४ च्या सुरुवातीला आकडे देणंच थांबवलं होतं, पडताळता येत नाही म्हणून. मग २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं की मार्च २०११ ते मार्च २०२१ मध्ये ३,५०,२०९ मृत्यू. जून २०२२ मध्ये पुन्हा आकडा आला, त्याच दहा वर्षांसाठी, ३,०६,८८७. वाचणारा म्हणणार, हे काय, मेलेले परत आले की काय? तर पहिल्या यादीत फक्त अशी माणसं होती ज्यांचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि प्रांत माहीत आहे, पण त्यात सैनिक, बंडखोर, सामान्य लोक सगळे. दुसरा आकडा फक्त सामान्य नागरिकांचा, त्यातले १,४३,३५० नावानिशी नोंदलेले आणि बाकीचे १,६३,५३७ गणिताने काढलेले. दोन्ही बातम्यांचं मराठी आपण एकच करणार, 'सीरियात तीन लाखांवर ठार', आणि झालं.

ते गणित काय असतं तर, समजा दोन वेगवेगळ्या संस्थांनी एकमेकींना न विचारता मृतांच्या याद्या केल्या, दोन्हींत शंभर शंभर नावं. पन्नास नावं दोन्हीकडे सापडली तर एकूण मृत साधारण दोनशे. पण फक्त दहाच नावं सामाईक निघाली तर? मग एकूण हजाराच्या घरात, कारण दोघी जणी अंधारात वेगवेगळी टोकं चाचपडतायत. प्रत्यक्षात याद्या तीन-चार लागतात आणि दोन याद्यांमधला मोहम्मद एकच की वेगवेगळे हे ठरवण्यातच अर्धं आयुष्य जातं. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने तिथल्या यादवीतल्या मृतांसाठी २००३ मध्ये हेच केलं, नावानिशी हाती लागले २३,९६९ आणि अंदाज निघाला ६९,२८०, त्यालाही खालची-वरची मर्यादा ६१,००७ ते ७७,५५२ अशी दिली. त्यामुळे 'अंदाजे' म्हणजे कुणीतरी हवेत फेकलेला आकडा असं समजू नका.

आणि नीट मोजलं की आकडा वाढतोच असंही नाही हां. बोस्नियात युद्धानंतर कित्येक वर्षं दोन लाख, अडीच लाख असं सर्रास बोललं जायचं, तिथल्याच एका संशोधन केंद्राने एकेक नाव गोळा केलं तेव्हा मेलेले आणि बेपत्ता मिळून ९५,९४० भरले. यावरून तिकडे किती रागावले लोक, कारण आकडा कमी म्हणजे आमचं दुःख कमी असं वाटतं.

म्हणून माझी सूचना, नावांची यादी असेल तर 'नोंदलेले किमान' आणि गणित असेल तर 'अंदाज', आणि अंदाजाला दोन्ही टोकं द्यायचीच. 'सुमारे' हा शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून तो मला नकोसा वाटतो.

*

छान लिहिलंय. आता माझाही एक प्रश्न, युद्ध नसतं तर मेले नसते असे जे मृत्यू असतात त्यांना काय म्हणायचं? 'अतिरिक्त मृत्यू' सगळीकडे दिसतो पण तो गोदामातल्या शिल्लक मालासारखा वाटतो.

*

'जास्तीचे मृत्यू' म्हणा. साधा आहे, बोलण्यात आहे. फक्त कशापेक्षा जास्तीचे ते त्याच वाक्यात आलं पाहिजे, नाहीतर काँगोसारखं होतं. तिथे १९९८ ते २००७ मध्ये ५४ लाख जास्तीचे मृत्यू असा आकडा एका मदतसंस्थेच्या सर्वेक्षणातून आला, त्यातले बहुतेक मलेरिया, जुलाब, कुपोषण यांनी गेलेले. वाद सगळा पेटला तो 'युद्ध नसताना दर महिन्याला किती मेले असते' यावर, त्यांनी तो दर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेच्या सरासरीचा धरला आणि टीकाकार म्हणाले काँगोत शांततेतसुद्धा त्याहून जास्त मरत होते. तो दर जरा वर सरकवला की लाखांनी फरक पडतो. आणि बातम्यांमध्ये काय आलं? 'काँगोच्या युद्धात ५४ लाख ठार'. वर कुणीतरी ठार आणि बळी यांचा फरक सांगितलाय ना, तो इथे लावा.

सुदानचं उदाहरण जरा बरं आहे. खार्टूम राज्यात एप्रिल २०२३ ते जून २०२४ मध्ये ६१,००० हून जास्त मृत्यू असा लंडनच्या संशोधकांचा अंदाज आला, तो सगळ्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचा आहे, त्यातले हिंसेने गेलेले २६,०००. दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी दिलेत, आपण मराठीत उतरवताना एक गाळू नये म्हणजे झालं. ६१,००० मृत्यू, त्यातले २६,००० ठार. इतकं लिहायला जागा पण लागत नाही.