परवाना मिळाला, आता दरात टिकाव कसा धरावा?

प्रश्न : नवा परवानाधारक

नमस्कार. एका मोठ्या ठेकेदाराकडे अनेक वर्षे साइट-सुपरवायझर म्हणून काम केल्यानंतर अलीकडेच मी बांधकाम कंत्राटदाराचा परवाना घेतला आहे. घरांचे नूतनीकरण, वाढीव खोल्या आणि लहान दुकानगाळे अशी कामे मी घेतो. बाजार लहान असल्यामुळे घरमालक, वास्तुविशारद, साहित्यविक्रेते, गवंडी आणि प्लंबर असे सगळेच एकमेकांना ओळखून असतात.

माझ्या दरपत्रकात विम्याचा हप्ता, परवानग्यांचे शुल्क, देखरेखीचा खर्च आणि काम झाल्यानंतरच्या दोषदुरुस्तीची तरतूद धरलेली असते. विनापरवाना कामे घेणारे यांपैकी काहीच धरत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच खाली येतो आणि मालक शेवटच्या पानावरची बेरीज तेवढी पाहतात. नाव होईपर्यंत पहिली काही कामे ना नफा ना तोटा या बोलीवर घ्यावीत का? शिवाय एक परिचित गृहस्थ, ज्यांच्याकडे कामे भरपूर आहेत पण परवाना नाही, आपली कामे माझ्या परवान्यावर दाखवून मला टक्केवारी देण्यास तयार आहेत. मन नकार देते, परंतु त्यातील धोका नेमका किती, हे जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : जुना ठेकेदार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दुमत होण्यासारखे काही नाही. परवाना वापरायला देऊ नका. परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असले, तरी ज्याच्या नावावर परवाना त्याच्यावर कामाची जबाबदारी, हे तत्त्व सगळीकडे सारखेच आहे. त्या गृहस्थांच्या साइटवर मजूर पडला, शेजाऱ्याची भिंत तडकली किंवा तपासणीत काम नापास झाले, तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल, आणि तुम्ही त्या साइटवर पाऊलही ठेवलेले नसेल. प्रत्यक्षात ज्या कामावर तुमची देखरेख नाही, त्याचा दावा विमा कंपनीने नाकारला तर संरक्षणही हातचे जाईल. ज्या परवान्यावर तुमचे पोट आहे तो टक्केवारीसाठी पणाला लावू नये.

आता दराविषयी. पहिली कामे तोट्यात किंवा नफ्याविना घेतली की लहान बाजारात तोच तुमचा दर ठरतो, कारण पहिला मालक दुसऱ्याला तुमचे नाव सांगताना आकडाही सांगतो. नंतर दर वाढवला की तुम्ही महाग झालात अशी बोलवा होते. त्यापेक्षा दर कायम ठेवून कामाची व्याप्ती कमी करण्याचा पर्याय मालकापुढे ठेवा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर आता करू, वरची खोली पुढच्या टप्प्यात घेऊ, असे म्हणता येते. त्यात मालकाचा खर्च खरोखर कमी होतो आणि तुमच्या कामाची प्रतही खालावत नाही.

दरपत्रक एका बेरजेचे देऊ नका. राडारोडा कोण उचलणार, जुनी वायरिंग बदलणे धरले आहे की नाही, वॉटरप्रूफिंगचे किती थर, फरशीसाठी प्रति चौरस मीटर किती रक्कम गृहीत धरली आहे, आणि काय धरलेले नाही, हे सगळे कलमवार लिहा. मग मालकाला सांगा की दुसऱ्या दरपत्रकातही हीच कलमे भरून मागा. पुष्कळदा स्वस्त आकड्यामागची वगळलेली कामे तेव्हाच उघडी पडतात. तरीही मालक स्वस्ताकडे गेला तर जाऊ द्यावे. असे प्रत्येक काम आपलेच व्हावे हा आग्रह धरू नये.

आणखी एक गोष्ट मी फार मानतो. पोटठेकेदारांचे पैसे ठरल्या दिवशी द्या. चांगला प्लंबर आणि चांगला फरशीवाला लहान बाजारात मोजकेच असतात, त्यांना कामाची वानवा नसते, आणि कोणाच्या साइटवर आधी जायचे हे ते याच एका गोष्टीवरून ठरवतात. मात्र त्यांचाही परवाना आणि विमा काम सुरू होण्यापूर्वी तपासून प्रत फाइलला लावा.

प्रतिसाद : हिशेबनीस

मी लहान कंत्राटदारांचे हिशेब पाहते. त्यांपैकी अनेकजण खर्चावर चढवलेली टक्केवारी आणि विक्रीवरचा नफा यांत गल्लत करतात. खर्च १०० असताना त्यावर २० टक्के चढवले तर दर १२० होतो, पण त्या १२० मधले २० म्हणजे १६.६७ टक्केच. विक्रीवर २० टक्के हवे असतील तर १०० ला ०.८० ने भागावे लागते, म्हणजे दर १२५ येतो. खर्च आणि दर यांतील फरकातूनच कार्यालय, वाहन, अवजारे, विमा, हिशेब आणि तुमचा स्वतःचा पगार निघायचा असतो. म्हणून आधी वर्षाचा हा स्थिर खर्च काढा, वर्षात झेपतील तेवढ्या कामांवर तो वाटा, आणि मग नफा धरा. स्वतःचा पगार न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा आणि प्रत्येक टप्प्याला तुमचा झालेला खर्च मिळालेल्या रकमेच्या आत राहील असे पाहा. एका मालकाची उचल दुसऱ्याच्या सिमेंटवर खर्च करण्याची सवय लागली, की नवे काम मिळणे थांबताच जुने काम अडते. कागदावर नफा असलेले ठेकेदारही असेच बुडतात. दोषदुरुस्तीची हमी म्हणून मालक बिलातून राखीव रक्कम कापून ठेवणार असेल तर ती किती आणि कोणत्या दिवशी परत मिळणार, दोन्ही करारात हवे.

प्रतिसाद : स्थापत्य अभियंता

परवानाधारकाचे वेगळेपण झाकल्या जाणाऱ्या कामात असते, आणि ते मालकाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. स्लॅब भरताना मिश्रण सहज पसरावे म्हणून कोणीतरी वरून पाणी ओततो. पाणी-सिमेंट प्रमाण वाढले की काँक्रीटची ताकद घटते, हे अमेरिकी काँक्रीट-संशोधक डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच मांडले होते, तरी साइटवर हा प्रकार थांबलेला नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या चाचणीवरून ठरवतात, तोवर स्लॅब भरणारी टोळी दुसरीकडे गेलेली असते. त्यामुळे त्या वेळी तिथे उभे राहणारा माणूस हवा, आणि तुमच्या दरातील देखरेखीचा खर्च याच माणसासाठी आहे, हे मालकाला स्पष्ट सांगा.

भिंत बंद करण्यापूर्वी पाइपांची दाबचाचणी घ्या, न्हाणीघरात फरशी बसवण्यापूर्वी किमान २४ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का ते पाहा, आणि झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाइप-वायरीचा टेप लावून फोटो घ्या. कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे हे त्या फोटोत वाचता आले पाहिजे. काम संपताना हा संच मालकाला द्या. पुढे भिंतीत ड्रिल मारताना तो त्याला उपयोगी पडतो.

प्रतिसाद : एक घरमालक

मी स्वतः तिघांची दरपत्रके घेऊन मधल्या दराचा कंत्राटदार निवडला. त्याने परवान्याचा क्रमांक आणि विम्याची प्रत न मागता दिली, आणि कोणत्या आठवड्यात घरात पाणी बंद राहील हे आधीच लेखी कळवले. घरात राहून काम करवून घेणाऱ्याला या गोष्टीचे मोल फार असते.

नवा परवानाधारक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या गृहस्थांना नकार कळवतो आणि दरपत्रकाचा नमुना कलमवार करून घेतो. एक शंका राहते. ओळखीचा मालक चालू कामात तोंडी बदल सांगतो, तेव्हा प्रत्येक वेळी कागद पुढे करणे अवघड वाटते.

जुना ठेकेदार

कागदाची रीत पहिल्या बैठकीतच सांगून ठेवावी, म्हणजे पुढे अविश्वासाचा प्रश्न येत नाही. करारात एक कलम घाला की जादा काम लेखी मंजुरीनंतरच सुरू होईल. बदल सांगितला की त्याच संध्याकाळी चार ओळी पाठवा : काय बदलायचे, खर्च किती वाढेल किंवा कमी होईल, आणि काम किती दिवस लांबेल. दिवसांची ओळ लोक विसरतात, आणि पुढे उशिराचा वाद तिथेच होतो. खर्च कमी होत असेल तेव्हाही हा कागद तितक्याच तत्परतेने पाठवा. त्यातून मालकाला तुमची नियत कळते. मंजुरी येईपर्यंत तेवढाच भाग थांबवून टोळीला दुसऱ्या खोलीत लावा, म्हणजे रोजंदारी वाया जात नाही.